वेज कधी रुतते, कधी बॉल टॉप होतो: हाताला दोष देण्याआधी वेजचा तळ बघा

गोल्फ खेळणाऱ्या हौशी माणसाची तक्रार साधारण एकच असते. ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) 30-40 यार्डांवर आहे, बॉल फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावर छान बसलाय, हातात सँड वेज (जवळून बॉल उंच उचलायची काठी) आहे, आणि वेज बॉलच्या आधीच जमिनीत रुतते. बॉल चार पावलं पुढे सरकतो. पुढच्या होलला माणूस सावध होतो, रुतू नये म्हणून शेवटच्या क्षणी हात वर ओढतो, आणि वेजची धार थेट बॉलच्या पोटात बसते, म्हणजे बॉल टॉप होतो. बॉल ग्रीनवरून सुसाट पलीकडच्या झाडीत. मग प्रोकडे, म्हणजे शिकवणाऱ्याकडे जाऊन दोन धडे घेतले की पंधरा दिवस बरं चालतं, आणि ऋतू बदलला की तोच आजार परत येतो.

मी साडेतीन वर्षं या फेऱ्यात होतो. पुण्यात खेळतो, हँडिकॅप 16, म्हणजे साधारण हौशी खेळाडू. लांब मारायचा ड्रायव्हर बरा चालायचा, मधल्या अंतराचे आयर्न ठीक, पण शेवटच्या 50 यार्डांत दर फेरीला सहा-सात शॉट वाया. मी सगळा दोष हातांना देत होतो. एका ऑगस्टमध्ये, तिसऱ्यांदा वेज रुतल्यावर, माझ्या बॅगेसोबत चालणारे कॅडीकाका म्हणाले, "साहेब, तुम्ही सातनंबर आयर्ननं मारता तेव्हा अशी माती निघत नाही. ही काठीच आत घुसतीय. खालून बघा की जरा, सुरीसारखी आहे." मी वेज उलटी करून बघितली. तीन वर्षं वापरत होतो, पण तळाकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. त्यावर 56 च्या शेजारी 8 असा आकडा कोरलेला होता आणि तो कसला हे मला सांगता आलं नसतं.

विकत घेताना दुकानात मी फक्त "56 ची द्या" म्हणालो होतो. समोरच्याने टूरवरचे व्यावसायिक खेळाडू हीच वापरतात असं सांगितलं आणि मी घेऊन आलो. आपल्याकडे बहुतेक जण वेज अशीच घेतात: लॉफ्टचा, म्हणजे बॉलला लागणारा चेहरा किती तिरका आहे त्याचा आकडा बघून. पण वेज रुतणार की सरकणार हे लॉफ्ट फारसं ठरवत नाही. ते ठरवतो तळ.

आधी रांगोळीची रेष

नवीन वेज घेण्याआधी स्वतःचा स्विंग जमिनीला कसा भेटतो ते कळायला हवं. त्यासाठी कॅमेरा किंवा मशीन लागत नाही. मूठभर पांढरी रांगोळी पुरते.

सरावाच्या रेंजवरच्या गवताच्या पट्ट्यावर, तिथल्या लोकांना विचारून, लक्ष्याच्या दिशेला काटकोनात दोन हात लांब रेष काढा. रेष दोन पावलांच्या बरोबर मध्ये येईल असे उभे राहा आणि बॉल न ठेवता 40 यार्डांच्या पिचसारखे (जवळून उंच मारायच्या शॉटसारखे) दहा स्विंग करा, प्रत्येक वेळी रेषेवर चार बोटं पुढे सरकत. नंतर रेषेवर बॉल ठेवून आणखी दहा. आता मागे उभं राहून वीस खुणा एकत्र बघा. एक खूण काही सांगत नाही, वीस खुणा मात्र खोटं बोलत नाहीत.

खुणा रेषेच्या आधीच, दोन-तीन बोटं मागे सुरू होत असतील, तर इथेच थांबा. तुमच्या स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू बॉलच्या मागे पडतोय. बहुतेक वेळा वजन मागच्या पायावर राहिलेलं असतं किंवा बॉल उचलायला म्हणून मनगट आधीच सुटतं. जास्त बाउन्सची, म्हणजे धारेपेक्षा तळ जास्त खाली असलेली वेज (बाउन्सबद्दल पुढे सांगतो) यातल्या काही चुका पोटात घालेल, पण सगळ्या नाही. आधी प्रोकडे जा, पैसे तिथे खर्च करा. पिचला सुरुवातीपासूनच वजन पुढच्या पायावर ठेवून छाती लक्ष्याकडे वळवली तर खूण पुढे येते. ती पुढे आल्याशिवाय वेज बदलू नका, नाहीतर वर्षभराने परत याच प्रश्नापाशी याल.

खुणा रेषेवर किंवा तिच्या किंचित पुढे सुरू होतात, पण खोल आहेत, मातीचा जाड तुकडा निघतो, त्याच्या पुढच्या टोकाला कडा उभी आहे: तुमचा स्विंग वरून खाली तीव्र कोनात येतो. मी यातला. अशा माणसाच्या हातात कमी बाउन्सची, अरुंद तळाची वेज देणं म्हणजे त्याला खणायला लावणं.

आणि खुणा रेषेच्या पुढे, पण नुसतं गवत कातरल्यासारख्या, माती जवळपास नाही: तुमचा स्विंग सपाट येतो, गवत झाडतो. तुम्हाला जाड तळ आणि 14 बाउन्स दिला तर तळ आधी जमिनीला टेकून उसळेल आणि धार बॉलच्या मध्यावर येईल. तुमचं टॉप होणं बहुधा इथूनच येतं.

वापरलेली वेज घरात असेल तर ती उलटी करून उजेडात धरा. तळावरचे ओरखडे म्हणजे तुमची जुनी हजेरी. ते पुढच्या धारेजवळ एकवटले असतील तर तुम्ही हात बरेच पुढे झुकवून मारता. मागच्या कडेला असतील तर तुम्ही बॉल उचलायला जाता. माझ्या 56 वर पुढची धार घासून चकाकत होती आणि मागचा अर्धा तळ नवा कोरा होता. उत्तर तीन वर्षं माझ्याच बॅगेत पडलेलं होतं.

बाउन्स म्हणजे नक्की काय

गवंडी गिलावा करताना करणी कशी धरतो ते आठवा. करणीची पुढची कड किंचित उचललेली असली की ती ओल्या मालावरून गुळगुळीत सरकते. तीच कड खाली केली की करणी मालात घुसते आणि खरवडून काढते. वेजचंही तसंच आहे. वेज सरळ उभी धरली तर तिचा सर्वांत खालचा भाग पुढची धार नसते, धारेच्या मागचा तळ असतो. धार आणि तो खालचा भाग यांच्यात जमिनीशी जो कोन होतो तो बाउन्स. आकडा अंशांत असतो. ढोबळ मानाने 6 पर्यंत कमी, 7 ते 10 मध्यम, त्याच्या वर जास्त.

ही कल्पना आपल्याला आज साधी वाटते, पण ती कुणाला तरी सुचावी लागली. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बंकरमध्ये, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यांत, निब्लिक नावाच्या पातळ तळाच्या लोखंडी काठ्या वापरत, आणि त्या वाळूत रुतत. अमेरिकन खेळाडू जीन साराझेन सांगत असे की विमान उडवायला शिकताना त्याने शेपटीचा भाग हलताच विमानाचं नाक वर जाताना पाहिलं आणि त्याच्या डोक्यात वीज चमकली. त्याने निब्लिकच्या तळाला मागच्या बाजूने धातू चढवला, म्हणजे मागचा भाग खाली आला आणि धार वर राहिली. 1932 चं ब्रिटिश ओपन त्याने इंग्लंडमधल्या प्रिन्सेस कोर्सवर जिंकलं ते ही नवी काठी बॅगेत घेऊन. आज आपण जिला सँड वेज म्हणतो तिचं मूळ तिथे आहे. मला या गोष्टीत आवडतं ते हे, की त्या काळच्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एकाने स्वतःचे हात बदलायच्या आधी काठीचा तळ बदलला.

आता एक हिशेब, जो मला कुणी आधी सांगितला असता तर बरीच वर्षं वाचली असती. वेजवर कोरलेला बाउन्स हा दांडा सरळ उभा असतानाचा आहे. तुम्ही बॉलला लागण्याच्या क्षणी हात पुढे झुकवलेत तर जितके अंश झुकवाल तितके लॉफ्टमधूनही जातात आणि बाउन्समधूनही. माझ्या वेजचा बाउन्स 8. मी हात 8-9 अंश सहज झुकवत होतो. म्हणजे जमिनीला भेटताना माझ्याकडे बाउन्स शून्य, किंवा त्याहून कमी. धार थेट खाली. आणि स्विंग तीव्र. ती रुतणार नाही तर काय होईल? उलट, वेजचा चेहरा उघडला, म्हणजे उजव्या हाताच्या खेळाडूने तो उजवीकडे वळवला, की लॉफ्ट वाढतो आणि बाउन्सही वाढतो, धार वर उचलली जाते. बंकरमध्ये आपल्याला हेच हवं असतं. एप्रिलच्या कडक फेअरवेवर हेच आपला घात करतं.

आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तळाची रुंदी आणि गोलाई तितकीच महत्त्वाची. 10 बाउन्सचा रुंद तळ जमिनीवर जास्त तरंगतो, 10 बाउन्सचा अरुंद तळ कमी. दोन कंपन्यांचा 10 एकसारखा वागेलच असं नाही. टायटलिस्टच्या व्होकी वेजवर 56.10 एस असं लिहिलेलं असतं: 56 लॉफ्ट, 10 बाउन्स, आणि एस हा तळ घासण्याचा प्रकार, ज्याला ग्राइंड म्हणतात. टाच आणि मागची कड घासून कमी केली असेल तर चेहरा उघडल्यावरही धार जमिनीजवळ राहते. तुम्ही पिच नेहमी सरळ चेहऱ्यानेच मारत असाल तर ग्राइंडच्या अक्षरांवर रात्र जागवू नका. पूर्ण तळाची साधी वेज घ्या.

आपल्याकडचे दोन ऋतू

वेज निवडण्याबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक अमेरिका-ब्रिटनच्या गवतावर बेतलेलं असतं. आपला प्रश्न वेगळा आहे, कारण आपण एकाच कोर्सवर दोन वेगळ्या जमिनींवर खेळतो. पुण्यात मे महिन्यात गवत विरळ झालेलं असतं आणि खाली मुरूम भाजून निघालेला. वेज आपटली की मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. तीच जागा जुलै-ऑगस्टमध्ये पाय रुतेल इतकी मऊ. म्हणूनच हा आजार ऋतूप्रमाणे परततो. पावसात रुतते, म्हणून आपण झाडायला शिकतो. तोपर्यंत उन्हाळा येतो आणि टॉप सुरू होतात.

त्यात आपलं गवत. परदेशी लेखांत ज्याला बर्म्युडा म्हणतात ते म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो त्या दूर्वांची जात. कोर्सवर तिचे सुधारित प्रकार असतात, पण स्वभाव तोच. शेत असलेल्या घरात वाढलेल्याला हरळीबद्दल सांगायला नको. ती औताला अडकते, सोडत नाही. तिच्या वेली एका दिशेने लोळलेल्या असतात. त्या दिशेने चिप केली, म्हणजे छोटा बुटका शॉट मारला, तर वेज सहज जाते. त्यांच्या विरुद्ध चिप केली तर धार वेलींत अडकते आणि फॅट (बॉलच्या आधी जमिनीला) बसल्यासारखं वाटतं, जरी स्विंग बरोबर असला तरी. उभं राहून बघितलं तर जी बाजू चकाकते ती तुमच्यापासून पलीकडे लोळलेली, जी गडद दिसते ती तुमच्याकडे तोंड करून. गडद बाजूला लॉफ्ट कमी असलेली काठी घ्या, धार अडकायला कमी वाव राहतो. किंवा बाउन्स जास्त असलेली वेज घ्या, चेहरा सरळ ठेवा आणि स्विंग अर्ध्यात थांबवू नका.

बंकरचं गणित मात्र उलटं आहे, आणि इथे भले भले चुकतात. पावसाळ्यात फेअरवे मऊ होतो, पण बंकरमधली वाळू भिजून दाबली जाते, कडक होते. मऊ फेअरवेला जास्त बाउन्स हवा, कडक ओल्या वाळूला कमी. कोरड्या, भुसभुशीत वाळूत पुन्हा जास्त हवा. म्हणून पाऊस पडून गेल्यावर बंकरमध्ये चेहरा नेहमीइतका उघडू नका, नाहीतर तळ वाळूवरून उसळतो आणि बॉल थेट समोरच्या काठावर.

माझी दुसरी चूक

कॅडीकाकांचं ऐकून मी दुसऱ्या टोकाला गेलो. 56 चीच, पण 14 बाउन्सची, रुंद तळाची वेज घेतली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये स्वर्ग. वेज गवताखालून सरकायची, मातीचा पातळ पापुद्रा निघायचा, बॉल मऊ पडायचा. मला वाटलं आजार गेला. मार्च उजाडला आणि 40 यार्डांवरून टॉप सुरू झाले, कारण तीन वर्षं रुतण्याची भीती बसलेली असल्यामुळे मी चेहरा थोडा उघडून मारत होतो. 14 बाउन्स, वर उघडलेला चेहरा, खाली भाजलेला मुरूम: धार जमिनीपासून इतकी वर, की तिला बॉलचा मध्यच सापडणार.

मग कळलं की एका वेजकडून दोन्ही ऋतू सांभाळायची अपेक्षाच चुकीची. दोन वेज असतील तर त्यांचे बाउन्स मुद्दाम वेगळे ठेवा. तीव्र स्विंगवाल्याने सँड वेजला 12 च्या आसपास आणि गॅप वेजला (सँड वेजपेक्षा कमी लॉफ्टची) 8 च्या आसपास ठेवलं, तर पावसात आणि कोरड्या वाळूत पहिली, उन्हाळ्यात कडक जमिनीवर दुसरी. सपाट स्विंगवाल्याने दोन्ही आकडे दोन-चार अंशांनी खाली आणावेत. आज माझ्याकडे 56 ला 12 आहे, टाच जराशी घासलेली, आणि 50 ला 8. मे महिन्यात ग्रीनच्या कडेला मी 56 काढतच नाही. 50 घेतो, बॉल किंचित मागे, हात किंचित पुढे, आणि बॉल घरंगळत पाठवतो. उंच मऊ शॉटचा मोह सोडणं मला जड गेलं, पण उन्हाळ्यातल्या ग्रीनवर घरंगळणारा बॉलच जास्त वेळा पिनजवळ, म्हणजे होलमधल्या झेंड्याजवळ थांबतो.

ज्यांची तक्रार अंतराची आहे

हा प्रश्न वेगळा, पण तो रुतण्यासोबतच येतो. हल्लीच्या सोप्या आयर्न सेटमध्ये पिचिंग वेजचा लॉफ्ट 43-44 अंश असतो. जुन्या सेटमध्ये तो 47-48 असायचा. आपण मात्र पूर्वीसारखीच पिचिंगनंतर थेट 56 घेतो. मध्ये 12 अंशांची दरी. माझी पिचिंग 115 यार्ड जायची आणि 56 पूर्ण ताकदीने 78. मधल्या 95 यार्डांना माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून मी 56 जोरात मारायचो. जोरात मारताना हात पुढे झुकायचे, बाउन्स संपायचा, वेज रुतायची. म्हणजे माझं निम्मं रुतणं खरं तर 95 यार्डांच्या रिकाम्या जागेतून येत होतं.

आधी आपल्या पिचिंगचा लॉफ्ट कंपनीच्या माहितीत शोधून काढा. काठीवर फक्त "पी" लिहिलेलं असतं, त्यावर जाऊ नका. तिथून खाली चार ते सहा अंशांच्या पायऱ्या पाडा. 44 असेल तर 50 आणि 56. 46 असेल तर 51 आणि 56. 48 असेल तर 52 आणि 56. नियमाप्रमाणे बॅगेत 14 च काठ्या चालतात, त्यामुळे एक वेज वाढली की वरची एक जाते. न लागणारी 3 वूड किंवा लांब आयर्न काढताना मला अजिबात वाईट वाटलं नाही.

60 अंशांच्या लॉब वेजबद्दल माझं मत कडक आहे. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याने ती विकत घेऊ नये. तिला मोठा स्विंग लागतो, मोठ्या स्विंगमध्ये चूकही मोठी होते, आणि पावसाळ्यातल्या उंच गवतात ती बॉलच्या खालून निघून जाते, बॉल तिथल्या तिथे उडून पडतो. ज्यांच्या कोर्सवर ग्रीन उंचावर आहेत आणि जे रोज सराव करतात त्यांनी 58 घ्यावी, बाउन्स 8 च्या खाली नको.

वेज बरोबर आहे, तरी बॉल थांबत नाही

चेहऱ्यावरच्या खाचांच्या कडेवरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर खाचा झिजल्या आहेत. बंकरच्या वाळूने आणि रेंजच्या बॉलनी त्या लवकर झिजतात. पण बहुतेकांच्या खाचा झिजलेल्या नसतात, फक्त मातीने भरलेल्या असतात. ब्रश आणि ओला टॉवेल प्रत्येक होलला वापरा, आणि मारण्याआधी चेहरा कोरडा करा. चेहरा आणि बॉल यांच्यामध्ये पाणी असलं की बॉल चेहऱ्यावरून वर घसरतो: उंच जातो, फिरत नाही, पडल्यावर पळतो. पावसाळ्यात हे होणारच, पिनच्या आधी चार-पाच यार्ड धरून मारा. खाचा घरी फाइलने कोरू नका, वेज नियमबाह्य ठरू शकते. परदेशातून कुणाची जुनी वेज आली असेल तर तिचं सालही बघा. खाचांचा आकार मर्यादित करणारा नियम व्यावसायिक स्पर्धांना 1 जानेवारी 2010 पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधीची वेज घेऊन स्पर्धेत उतरण्यापूर्वी समितीला विचारून घ्यावं.

उजव्या हाताच्या खेळाडूचा बॉल सतत डावीकडे जात असेल, आणि तळावरचे ओरखडे टाचेकडे जास्त असतील, तर वेजचा लाय, म्हणजे दांडा आणि जमीन यांच्यातला कोन, तुमच्यासाठी फार उभा आहे. ओरखडे टोकाकडे असतील तर फार सपाट, आणि बॉल उजवीकडे जाईल. लॉफ्ट जितका जास्त तितका हा दोष जास्त दिसतो, म्हणून सातनंबर सरळ जातो आणि वेज वाकडी. हे काम फिटिंग करणाऱ्याकडे वाकवून होतं.

दांड्याबद्दल एकच सांगतो. आयर्नना हलके ग्रॅफाइट दांडे आणि वेजला दुकानात मिळाला तो जड स्टील, असं असेल तर हात वेजला उशीर करतात आणि फॅट बसतं. वेज थोडी जड असलेली चांगली, दुप्पट जड वाटणारी नको.

घेण्याआधी

रेंजवरच्या कृत्रिम गवताच्या मॅटवर वेज कधीही पारखू नका. मॅटवर दोन इंच आधी आपटलेली वेजसुद्धा सरकत जाऊन बॉलला बरी लागते, आवाजही छान येतो. माझी पहिली 56 मी मॅटवरच पसंत केली होती. मित्रांच्या, प्रोच्या वेज मागून घ्या, गवतावर न्या, रांगोळीची रेष काढा. आपल्याकडे लोक काठी द्यायला नाही म्हणत नाहीत. एकाच लॉफ्टच्या, वेगवेगळ्या बाउन्सच्या दोन वेज घेऊन सरळ चेहऱ्याने दहा-दहा पिच मारा. बॉल कुठे गेला ते पहिल्या दिवशी बघू नका. खुणांची खोली बघा आणि हाताला बसणारा धक्का लक्षात ठेवा. जी वेज पापुद्रा काढते आणि हाताला धक्का देत नाही ती तुमची. शक्य असेल तर हीच चाचणी एकदा मेमध्ये आणि एकदा जुलैमध्ये करा. घाई असेल आणि एकच वेज घ्यायची असेल तर 10 बाउन्स, मध्यम रुंदीचा तळ, कारण त्यात दोन्ही बाजूंना थोडी माफी आहे.

आणि फिटिंगवाल्याने लॉफ्ट वाकवून दिला तर एक लक्षात ठेवा: लॉफ्ट एक अंश कमी केला की बाउन्सही एक अंश कमी होतो, वाढवला की वाढतो. 56 ला 12 असलेली वेज 54 करून घेतली तर तळावर 12 कोरलेलं राहील, पण तुमच्या हातात 10 असेल. माझ्या मित्राने अगदी हेच केलं आणि जूनच्या पहिल्या पावसात मला फोन केला की परत रुतायला लागली. त्याला मी पेन घेऊन तळावरचा जुना आकडा खोडायला सांगितला आणि शनिवारी रांगोळी घेऊन रेंजवर बोलावलं.